आखाजीआधीचे अठरा दिवस

त्यांच्या शोकसभेत जे सांगितले गेले त्यातले निम्मे खोटे होते आणि उरलेले अपुरे. सभा इथल्या, म्हणजे जळगावच्या, विमा एजंटांच्या संघटनेने भरवली होती. ते माझेही विमा एजंट; त्यांच्या जुन्या ग्राहकांत वयाने मीच वडील, म्हणून मला पहिल्या रांगेत बसवले होते. पहिल्या वक्त्याने त्यांना नम्र म्हटले. ते नम्र नव्हते. स्वतःच्या धंद्याविषयी बोलताना त्यांच्याइतका ताठर माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी रोज आरशात पाहतो. दुसऱ्याने त्यांना भित्रे म्हटले, अर्थात लाडाने. ते भित्रेही नव्हते. तिसरा वक्ता संघटनेचा सचिव, ज्याने या धंद्यातली पहिली पावले त्यांचेच बोट धरून टाकली. त्याने हसत हसत सांगितले की सरांना लोकांच्या छपरांवर चढून तारा बांधण्याचा छंद होता, आणि त्याच छंदापायी औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळ मिलचा पत्रा सैल होऊन उडाला व एका कारागिराचा हात निकामी झाला. सभा हसली. शोकसभेतही हसू यावे असे त्यांचे आयुष्य होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ती डाळ मिल माझी. ते त्या छपरावर एकदाही चढले नव्हते. का चढले नाहीत, हे जाणणारे त्या दिवशी दोघेच उरलो होतो: मी आणि माझा मुकादम. मुकादमाला कोणी विचारणार नाही, आणि मी त्या दिवशी खुर्चीतून उठलो नाही.

म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना आपली हकिकत अधिक प्रिय असेल त्यांनी ती खुशाल सांगत राहावी, पण माझे वाचल्यानंतर.

माणूस उंच, काटकुळा. अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट आणि स्कूटरच्या साखळीत अडकू नये म्हणून घोट्याशी चिमट्याने आवळलेली विजार. स्कूटरला उघडी साखळी नसते, हे मी त्यांना एकदा सांगितले. त्यावर ते म्हणाले की सायकल सोडून तीस वर्षे झाली तरी सवय मोडून कोणाचा फायदा आहे. स्कूटरच्या डिकीत पॉलिसींचे कागद कमी आणि बाकीच्या वस्तू जास्त: बांधकामावरची काळी तार, एक पक्कड, खडूचे तुकडे. जळगावच्या रस्त्यांवर चालताना शहाणा माणूस खाली पाहतो. हे वर पाहत चालत. दुकानांच्या पाट्या, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, खिडकीबाहेर लोंबणारी वातानुकूलन यंत्रे, जाहिरातींचे फलक. एखादी पाटी एका खिळ्यावर झुलताना दिसली की ते दुकानदाराला हाक मारीत, स्टूल मागत आणि परवानगी घेऊन ती पाटी तारेने बांधून देत. "परवानगी घेऊन" हे शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. मालकाला न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणारा माणूस जोखीम कमी करीत नाही, वाढवतो, हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी मोडलेला मला माहीत नाही.

ते बसत नसत. आपण "बसा" म्हटले की ते भिंतीला पाठ लावून उभे राहत. चहा उभ्यानेच. टेबलाच्या कडेशी ठेवलेला पेला त्यांना सहन होत नसे. बोलता बोलता हात पुढे येई आणि पेला मध्यभागी सरके, आपला असो की परक्याचा. माझी पत्नी गंमत म्हणून त्यांचा पेला मुद्दाम अगदी कडेला ठेवी आणि स्वयंपाकघराच्या दारातून पाहत राही. वीस वर्षांत हा पेला एकदाही कडेला राहिला नाही. ती गेल्यावर त्यांनी माझ्याकडे चहा घेणेच सोडले. कारण विचारले तर म्हणाले, "आता पेला आधीच मध्ये असतो, आबा."

आयुर्विमा ते विकत नसत. आग, वाहने, माल यांचे विमे विकत, कारण पोट होते. मात्र त्यांचा जीव गुंतला होता तो जबाबदारीच्या विम्यात. म्हणजे आपल्या वस्तूमुळे किंवा हातून परक्या माणसाचे जे नुकसान होते आणि त्याची जी भरपाई आपल्यावर येते, तिच्या विम्यात. तुमचे घर जळाले तर घराच्या किमतीपेक्षा जास्त जळत नाही, असे ते म्हणत. परक्याचे नुकसान कुठे थांबेल, याला मात्र माप नाही. ग्राहक मिळकतीची यादी पुढे करी, ते ती बाजूला सारीत आणि विचारीत, "आज तुमच्या दारात कोण कोण आलं?" दूधवाला, गॅसवाला, भांडी घासणारी बाई, शेजारची दोन मुले, कुरिअरवाला. ही नावे ते कागदावर उतरवून घेत. तीच त्यांची यादी.

पिंप्राळ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची हकिकत लोक फिरवून सांगतात. म्हणे त्यांना भीती घालून पॉलिसी गळ्यात मारली. मी त्या बाईंच्या घरी जाऊन विचारले आहे. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर त्यांनी कुंड्या मांडल्या होत्या. हे रस्त्यावरून दिसताच ते तीन जिने चढून गेले.

"अक्का, ती कुंडी कोणाची?"

"माझी. का हो?"

"कठड्यावर आहे तोवर तुमची. खाली गेली की ज्याच्या डोक्यात गेली त्याची. तुमच्याकडे उरेल ती फक्त भरपाई."

अक्कांनी दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी कुंड्या आत आल्या. पॉलिसी अक्कांनी घेतली नाही आणि यांनी विचारलीही नाही. पुढे दोन वर्षांनी घराचा विमा काढताना अक्कांनीच बोलावून घेतले. तेव्हा यांनी एवढेच सांगितले की घरगुती विम्यात परक्याच्या इजेचा एक भाग असतो, लोक तो खोडून टाकतात, कारण त्यात आपल्याला काही मिळत नाही. तुम्ही खोडू नका. सामान्य कुटुंबाला कारखानदारासारखी मोठी छत्री, म्हणजे इतर विम्यांवरचा वाढीव विमा, आपल्याकडे सहज मिळत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. जे मिळत नाही ते मिळते म्हणून सांगणारे एजंट मी पाहिले आहेत. त्यांतले दोन त्या शोकसभेत व्यासपीठावर होते.

धुळ्याच्या मंगल कार्यालयाची गोष्ट तर आता दंतकथाच झाली आहे. त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता. सभागृहाच्या मध्यभागी भले मोठे झुंबर. हे त्याच्याखाली बसेनात. वरपक्षाने हाताला धरून बसवले, हे उठले आणि आचाऱ्यांपाशी जाऊन उभे राहिले. कार्यालयाच्या मालकाला वाईट वाटले. त्याने विचारले की आमच्या झुंबरात काय खोट आहे. त्यांनी विचारले की झुंबर ज्याला टांगले आहे तो आकडा शेवटचा कधी पाहिला होता. मालकाला सांगता येईना. लोक सांगतात की पुढच्याच महिन्यात झुंबर पडले, आणि त्यावरून त्यांना अपशकुनी ठरवतात. झुंबर पडलेले नाही. आजही तिथेच आहे. मी धुळ्याला जाऊन, मान वर करून पाहून आलो आहे. मालकाने आकडा बदलला, म्हणून ते पडले नाही. न पडलेल्या झुंबराची गोष्ट कोणी सांगत नाही, यात त्यांचा काय दोष.

आता माझ्याकडे येतो.

मिलचा आगीचा विमा आणि ट्रकांचे विमे ते वीस वर्षे पाहत होते. जबाबदारीचा विमा मी घेत नव्हतो. माझे म्हणणे असे की माझ्या मिलमुळे आजवर कोणाला खरचटलेले नाही. शेवटी एका आखाजीला मी तो घेतला. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, हे खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी. आमच्याकडे वर्ष आखाजीला फिरते. शेतावरचा सालदार आखाजीला लागतो आणि आखाजीला सुटतो. माझ्या वडिलांनी मिलची पहिली चाळण आखाजीला फिरवली. वर्षभराचा कोणताही करार आमच्या घरात आखाजीखेरीज होत नसे, आणि त्याचा मला अभिमान आहे, आजही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा आले. आता त्यांना अंब्रेला पॉलिसी घ्यायला लावायची होती. मिलची एक पॉलिसी, गोदामाची एक, विकलेल्या डाळीबद्दलची एक, या साऱ्यांवर मिळून एकच. खालच्या पॉलिसीची मर्यादा संपली की वरची सुरू होते. मी म्हटले, खालची मर्यादा मला पुष्कळ आहे. माझ्या मिलमध्ये पडून पडून पडणार काय, एखादा पत्रा. त्यांनी मला फाटकाबाहेर नेले आणि तासभर रस्त्यावर उभे केले. एक डॉक्टर मोटारीतून गेले. शाळेची व्हॅन गेली. कंपनीच्या गणवेशातले चार फिटर गेले. एक बँडवाला पाठीवर ढोल घेऊन गेला.

"पत्र्याची किंमत तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "तो कोणावर पडेल हे तुम्ही ठरवत नाही. भरपाई पत्र्यावरून ठरत नाही, आबा. माणसावरून ठरते."

मी वरची पॉलिसी घेतली; आखाजी सोडून केलेला माझा तो एकच करार, तोही दिवाळीचा पाडवा गाठून. सही करताना त्यांनी माझा हात धरला आणि बजावले, "छत्री हवेत उघडी राहत नाही. तिला दांडा लागतो. खालची पॉलिसी म्हणजे दांडा. ती एक दिवसही बंद पडता कामा नये. पडली, तर खालचा सगळा भाग तुमच्या अंगावर. वरची कंपनी आपल्या मर्यादेपाशीच उभी राहील, खाली उतरणार नाही." मी म्हणालो की दांडा कुठे पळून जातो.

दांडा पळून गेला तो असा. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्यामुळे पुढची आखाजी लांबली. पॉलिसीचे वर्ष इंग्रजी तारखेने संपत होते आणि आखाजी त्यानंतर अठरा दिवसांनी येत होती. हे त्यांच्या ध्यानात महिनाभर आधीच आले. ते कागद घेऊन आले.

"आबा, विम्याला अधिक महिना ठाऊक नाही."

"मग विम्याला शिकवा," मी म्हणालो.

त्यांनी तीनदा येऊन सांगितले. चौथ्यांदा म्हणाले की तुमचा मुहूर्त मोडायचा नाही ना, मग हप्ता मी माझ्या खिशातून भरतो, तुम्ही आखाजीला मला द्या. इथे मला माझ्या मुलाचे म्हणणे खोडून काढायचे आहे. तो आजही चारचौघांत सांगतो की दुसरे एजंट ग्राहकाचा हप्ता पदरचा भरतात, यांनी तेवढेही केले नाही आणि आम्हाला बुडवले. त्यांनी देऊ केले होते. मी म्हणालो की माझ्या मुहूर्ताआधी माझ्या नावावर दुसऱ्याने पैसा टाकला तर तो माणूस या फाटकात पुन्हा यायचा नाही. मुलगा तेव्हा नाशिकला होता. त्याला हे मी कधी सांगितले नाही. आता तो छापील वाचेल.

पॉलिसी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची स्कूटर फाटकाबाहेर उभी राहिली. मला वाटले, पुन्हा तगादा. तगादा नव्हता. त्यांनी खडू काढला आणि मिलच्या पश्चिमेच्या शेडलगत, रस्त्यावर, एक लांब रेघ ओढली. पत्रा निघालाच तर इथवर येईल असा त्यांचा अंदाज. मग ते रेघेशी उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पलीकडून जायला सांगू लागले. दुपारी घरी जेवून परत आले आणि दिवे लागेपर्यंत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रस्त्यावरची रेघ चाकांखाली पुसली जाई, ते ती पुन्हा ओढीत. हमालांना करमणूक झाली. मुकादम माझ्या कचेरीत येऊन म्हणाला, "आबा, हाऊ मानूस रोज कसाले येस? याले काही कामधंदा शे का नही?"

मी म्हणालो, उभे राहू दे, पगार मागत नाही ना.

खरे सांगायचे तर मला ते झोंबत होते. माझ्या फाटकासमोर एक माणूस दिवसभर उभा राहून लोकांना माझ्या छपरापासून दूर जायला सांगतो, यापेक्षा मोठा अपमान कोणता. शेजारचे कारखानदार विचारू लागले की शेड पाडायला काढली का. यांनी मला विचारून, जमिनीवरून आणि एका पिंपावर उभे राहून हाताला लागेल ते सारे बांधून टाकले होते: पाटी, पन्हाळ, शेडची खालची कड. वरच्या बाजूला तीन पत्र्यांचे आकडे निखळलेले होते. ते खालूनही दिसत.

पाचव्या दिवशी मुकादम पुन्हा आला.

"त्या शिडी मांगी ऱ्हायनात. दिऊ का?"

"नको," मी म्हणालो. "म्हातारा एजंट आपल्या छपरावर चढलेला लोकांनी पाहिला तर म्हणतील, यांच्याकडे माणसं नाहीत."

"मंग आपला मानूस चढाडू का?"

"आखाजी होऊ दे. मग पाहू."

हे माझे शब्द आहेत. यात कोणी बदल करू नये. मुकादमाने बाहेर जाऊन सांगितले. खिडकीतून मला दिसत होते: त्यांनी मान हलवली, खडू घेतला आणि रेघ आणखी दोन हात पुढे ओढली.

चौदाव्या दिवशी, दुपारी, पश्चिमेकडून वावटळीसारखा वारा आला. वैशाखाच्या तोंडावर असे वारे येतात. धुळीने समोरची भिंत दिसेना. ते रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. एक टेम्पो थांबवला, दोन सायकलवाले थांबवले. पिंप्राळ्याचा एक सोनार कारागीर सोन्याची तार ओढण्याचे यंत्र दुरुस्त करून घ्यायला शेजारच्या वर्कशॉपात आला होता आणि स्कूटरवरून परत निघाला होता. यांचा हात पाहून त्याने ब्रेक लावला, रेघेच्या पलीकडे. पत्रा रेघेच्या पलीकडेच गेला. त्या तीन पत्र्यांमधलाच एक. त्याची कड कारागिराच्या उजव्या हातावर आली.

माझ्या मोटारीतून त्यांनीच त्याला दवाखान्यात नेले, हात आपल्या मांडीवर धरून. मी पाठोपाठ गेलो. हात वाचला, पकड गेली. ज्या बोटांनी तो केसाएवढी तार वळवत असे त्या बोटांना पुढे पेनही नीट धरवेना.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांना एक गोष्ट मागितली. ती मी लपवणार नाही, कारण तिच्यावरूनही लोक त्यांना पाषाणहृदयी म्हणतात. मी म्हणालो की चेक आजच देतो, तारीख पंधरा दिवस आधीची घाला. कंपनीत तुमची ओळख आहे, हप्ता आधीच मिळाला होता असे दाखवा. त्यांच्या शर्टावर त्या माणसाचे रक्त होते. ते मोठ्याने बोलले नाहीत.

"तारीख मागे नेली, तर पत्राही मागे जाईल का, आबा?"

आणि ते आत निघून गेले. मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आता वाटते, त्यांनी होकार दिला असता तर मी आयुष्यभर त्यांना मान दिला नसता. पण तेव्हा तसे वाटले नाही.

वरच्या कंपनीचा सर्वेक्षक आला. माझ्याच कचेरीत, माझ्यासमोर त्यांचा जबाब झाला. त्याने विचारले, छपराची अवस्था तुम्हाला माहीत होती का. हो. मग नुसते खाली का उभे राहिलात, वर का नाही गेलात.

"शिडी मिळाली नाही."

"कोणी नाकारली?"

मी खुर्चीत होतो. मुकादम दारात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, खिडकीकडे पाहिले.

"मी पुन्हा मागितली नाही," ते म्हणाले.

ते खोटे बोलत नसत. हेही खोटे नव्हते. सर्वेक्षकाने तेवढेच लिहून घेतले.

पुढचे त्यांनी सहीच्या वेळी सांगितले होते तसेच झाले. भरपाई ठरली. कारागिराचे वय, त्याची कमाई, त्याचे कसब यांवरून ती ठरली. पत्र्याचा विचार कोणी केला नाही. खालच्या पॉलिसीएवढा भाग माझा मला द्यावा लागला, त्यासाठी एरंडोल रस्त्यावरची जमीन गेली. त्यावरचा भाग वरच्या पॉलिसीने दिला. ती नसती तर मिलही गेली असती. मुलगा "बुडवले" म्हणतो ती मिल तो आजही चालवतो आहे, हे त्याने लक्षात घ्यावे.

त्यानंतर ते बदलले, असे सारे म्हणतात, आणि एवढे एक खरे आहे. ते छपरांकडे पाहीनासे झाले. रस्त्यात भेटले की एकच बोलत: "रेघ कमी पडली. चार हात. आणि मी त्याला थांबवलं नसतं, तर तो निघून गेला असता." मी त्यांना अनेकदा सांगितले की वाऱ्याला रेघ नसते. पण जे सांगायला हवे होते ते सांगितले नाही. ते शेवटपर्यंत आपलीच चूक मानून गेले. इतरांच्या हकिकतींशी माझा वाद आहे तसाच त्यांच्या स्वतःच्या हकिकतीशीही आहे. रेघ कमी पडली नाही. शिडी कमी पडली.

शोकसभेत तो कारागीर मागच्या रांगेत बसला होता. सचिवाच्या गोष्टीवर तो हसला नाही. सभा संपल्यावर तो चपला घालायच्या जागी माझ्याजवळ आला. आता तो एका पेढीवर सोन्याचा कस पाहायला बसतो. त्या कामाला डोळा लागतो, बोटे लागत नाहीत. म्हणाला, "आबा, मिल तुमची. तुम्ही काही बोलला नाहीत."

मी म्हणालो, गुडघे दुखतात, उठवत नाही.

आठ दिवस मला स्वस्थ बसवले नाही. घरात उभ्याने चहा घेऊ लागलो. शेवटी रिक्षा करून पिंप्राळ्याला त्याच्या घरी गेलो आणि वर लिहिले आहे ते सारे, हप्त्यापासून शिडीपर्यंत, त्याच्यासमोर सांगितले. बायको पाणी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. शिव्या सोप्या गेल्या असत्या.

"त्यांना सांगितलं होतंत का हे?" त्याने विचारले.

"नाही."

"ते दर महिन्याला यायचे माझ्याकडे. प्रत्येक वेळी माफी मागायचे. मी म्हणायचो, अण्णा, तुमचं काय चुकलं. मला खरंच माहीत नव्हतं त्यांचं काय चुकलं."

त्याने बायकोला खूण केली, तिने पाणी माझ्यापुढे ठेवले.

"शिडी आहे अजून?"

"आहे. आत, गोदामात."

"बाहेर ठेवा," तो म्हणाला. "कोणाला मागायला लागू नये."

हे लिखाण मी संघटनेच्या स्मरणिकेसाठी सचिवाकडे देतो आहे. त्याने एक शब्दही गाळला तर दुसरीकडे छापून आणीन, आणि गाळलेला शब्द मोठ्या अक्षरांत. पॉलिसी आता मुदत संपण्याआधी आठवडाभर भरली जाते. आखाजीला आम्ही पूजा करतो, ती वेगळी.

शिडी फाटकाबाहेर, भिंतीशी उभी आहे. मुलगा म्हणतो चोरीला जाईल. गेली तर दुसरी ठेवीन. वाऱ्याने ती कोणाच्या अंगावर येऊ नये म्हणून मी स्वतः तिला तारेने बांधली आहे. त्यांच्या बंडलातली थोडी तार मिलच्या फडताळात राहून गेली होती. सोडायला पक्कड शेजारीच टांगली आहे.